शिडाच्या जहाजांच्या लढायांची जुनी छापचित्रं कशी बघायची?

सुकाणू

नमस्कार मंडळी. सतराव्या शतकापासून साधारण १८४० पर्यंत युरोपात समुद्रावरच्या लढायांची ढिगाने छापचित्रं निघाली. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, कागदावर छापायची, वर हाताने रंग द्यायचा आणि दुकानाच्या काचेत टांगायची. तैलचित्रं राजेरजवाड्यांची आणि सेनापतींची, ही चित्रं दोन पैसे गाठीला असलेल्या कोणाचीही. आता संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती शेकड्याने फुकट बघायला मिळतात. पण बहुतेक लोक 'व्वा, काय जहाज आहे' म्हणून पुढे सरकतात. माझं म्हणणं असं की हे चित्र म्हणजे विकायला काढलेला माल आहे. लढाई कशी झाली हे त्यात असतंच, पण ती कोणाला कशी झालेली हवी होती, हे जास्त असतं.

सुरुवात अशा एका संचाने करतो, ज्याचा मुंबईशी संबंध आहे पण चित्रात मुंबई कुठेच नाही.

२९ डिसेंबर १८१२. ब्राझीलच्या बाहिया बंदराबाहेर अमेरिकेची 'कॉन्स्टिट्यूशन' आणि ब्रिटिशांची 'जावा' या दोन फ्रिगेटची गाठ पडली. 'जावा' निघाली होती हिंदुस्थानला. तिच्यावर मुंबईला नेमणूक झालेला लेफ्टनंट जनरल हिस्लॉप होता, मुंबईच्या गोदीत तयार होत असलेल्या 'कॉर्नवॉलिस'साठीचं सामान होतं, आणि मुंबईतच बांधायच्या 'ट्रिंकोमाली' या फ्रिगेटचे नकाशे होते. दुपारी दोनच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. 'जावा'च्या डोलकाठ्या एकामागोमाग कोसळल्या, कप्तान लॅम्बर्टला जीवघेणी गोळी लागली आणि अखेर पहिला लेफ्टनंट चॅड्स याने शरणागती दिली. अमेरिकन कप्तान बेनब्रिजने पाहिलं की हे धूड इतक्या लांब घरी नेणं शक्य नाही. त्याने ते पेटवून दिलं. ट्रिंकोमालीचे नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत, दुसरी प्रत पाठवावी लागली. ते जहाज जमशेदजी बोमनजी वाडियांनी बांधून १८१७ ला पाण्यात सोडलं, आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे.

आता मजा बघा. या लढाईच्या चार चित्रांचा संच १८१४ साली लंडनमध्येच निघाला. निकोलस पोकॉकने एका लेफ्टनंटच्या रेखाटनांवरून चित्रं केली आणि हॅवेल मंडळींनी ती पत्र्यावर उतरवली. हरलेल्या लढाईची चित्रं, तीही हरलेल्यांच्या राजधानीत! का? टप्पे बघितले की कळतं. दर चित्रात 'जावा'च्या अंगावरचं काहीतरी कमी होत जातं आणि शेवटी ती जळताना दिसते. जहाज गमावलं की वाचलेल्या अधिकाऱ्यांवर लष्करी खटला चालवायची ब्रिटिश आरमाराची रीतच होती. चॅड्सवरही चालला आणि तो सन्मानाने सुटला. हा संच म्हणजे त्याच खटल्याची सामान्य गिऱ्हाइकासाठी काढलेली प्रत म्हणा. उभं राहायला काठी उरली नाही, तेव्हाच झेंडा उतरला, हे चार कागदांत पटवून द्यायचं.

तुमच्याकडे अशी उदाहरणं असतील तर टाका. फक्त 'मस्त', 'छान' नको.

पेठेतला_परीक्षक

मस्त. छान.

(आता मुद्द्याचं.) म्हणजे पराभवाचंही मार्केटिंग करायची पद्धत दोनशे वर्षं जुनी आहे तर. एक शंका. कॉन्स्टिट्यूशन जड होती ना? मग 'आम्ही कमजोर होतो म्हणून हरलो' हे चित्रात दाखवलंय का?

सुकाणू

@परीक्षक, कॉन्स्टिट्यूशनच्या मुख्य तोफा २४ पौंडी, जावाच्या १८ पौंडी. फरक मोठा होता आणि तेव्हाच्या लंडनच्या वर्तमानपत्रांत त्यावर भरपूर शाई सांडली. पण गोळ्याचं वजन चित्रात कसं दाखवणार? ते चित्राखालच्या मजकुरात सांगावं लागतं. म्हणूनच चित्राखालची ओळ वाचल्याशिवाय चित्र वाचलं असं मी धरत नाही.

तांबट_आळी

वाचनखूण साठवली. मी छापचित्रण शिकवते, म्हणून कारागिरीच्या बाजूने थोडं लिहिते. थोडं लांबेल.

समुद्री लढाईच्या चित्रात दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी विरुद्ध असतात. एक म्हणजे दोर, परबाण (शीड बांधायची आडवी काठी), शिडांच्या कडा. सगळं केसासारखं बारीक आणि ताणलेलं. दुसरा धूर, ज्याला कडाच नाही. नुसत्या कोरीव रेषांनी धूर काढायचा तर आडव्यातिडव्या रेषांची जाळी विणावी लागते आणि तो धूर कमी, कापसाची गादी जास्त वाटते. १७७० नंतर इंग्लंडमध्ये ॲक्वाटिंट आलं आणि हा प्रश्न सुटला. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, खालून गरम करून चिकटवायची, मग आम्लात बुडवायचं. आम्ल राळेच्या कणांमधल्या फटींतून पत्रा खातं. जितका वेळ ठेवाल तितका गडद रंग. जिथे पांढरं हवं तिथे आधीच रोगण लावून झाकायचं. आधी सुईने दोर आणि डोलकाठ्या, मग ॲक्वाटिंटने धूर आणि आभाळ. पोकॉक-हॅवेलच्या संचात हेच आहे.

याची किंमत अशी की ॲक्वाटिंटचा पत्रा फार टिकत नाही. दर छपाईला दाबाखाली कण झिजतात. काहीशे प्रती झाल्या की धूर फिकट पडतो आणि आभाळ टक्कल पडल्यासारखं दिसायला लागतं. मग पुन्हा कोरकाम. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत एकीत वादळ आणि दुसरीत स्वच्छ हवा वाटली, तर तो पुष्कळदा चित्रकाराचा विचार नसतो, पत्र्याचं वय असतं.

आणखी एक. पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. छापल्यावर डावं उजवं होतं. कोरणाऱ्याने मूळ चित्र आरशात बघून उलटवलं नसेल तर लढाईच उलटी छापली जाते. शत्रूच्या डाव्या अंगाला असलेलं जहाज उजवीकडे येतं. तैलचित्र आणि छापचित्र शेजारी ठेवून हे तपासायला मला फार आवडतं.

अवांतर: ब्रिटिशांनी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराला हरवलं ती ट्रफाल्गरची लढाई १८०५ ची. त्याच साली आपल्याकडे मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. ही विद्या पुण्यात इंग्रज वकिलातीच्या आसऱ्याने आली होती. म्हणजे पत्रा कोरणारे हात आपल्याकडेही होते, पण त्यांनी कोरले श्लोक. आरमाराचं चित्र कोणी कोरलं नाही, कारण ते विकत घेणारं गिऱ्हाईकच नव्हतं.

बोटीवरचा_बाबू

तांबट_आळी ताई, प्रतिसाद एक नंबर. मी तीसेक वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, शिडाची नाही, इंजिनाची. पण वारा तोच. अशी चित्रं बघताना मी आधी वारा शोधतो.

झेंडे कुठे फडकतायत, धूर कुठे चाललाय, शिडं कुठल्या बाजूने फुगलीयत, लाटांचा फेस कुठल्या अंगाने उडतोय. चारही एकाच दिशेने असायला हवेत. घरबसल्या काढलेल्या चित्रात झेंडा पूर्वेला आणि धूर पश्चिमेला जाताना मी किती वेळा पाहिलाय! चित्रकाराला झेंडा दिसायला हवा असतो आणि धूर आड यायला नको असतो. खऱ्या लढाईत, विशेषतः वारा पडलेला असला तर, पहिल्या काही फैरींनंतर शेजारचं जहाज दिसत नाही. तोफांच्या चमका दिसतात आणि धुराच्या वर डोलकाठ्यांची टोकं. तसं चित्र कोण विकत घेणार?

म्हणून जे चित्रकार स्वतः पाण्यावर होते त्यांचं काम मी वेगळं ठेवतो. हॉलंडचा थोरला व्हान डे व्हेल्ड लढाई चालू असताना लहान गलबतातून फिरत रेखाटनं करायचा. १६६६ ची इंग्रज-डचांची चार दिवसांची लढाई त्याने अशीच पाहिली. पुढे बापलेक इंग्लंडला गेले आणि १६७४ पासून राजा दुसऱ्या चार्ल्सने दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड लावून दिले. बापाने लढायांची रेखाटनं करायची, मुलाने ती रंगात उतरवायची. वरती ज्या पोकॉकचा उल्लेख आलाय, तो ब्रिस्टलचा, आधी स्वतः जहाजाचा कप्तान. १ जून १७९४ च्या मोठ्या लढाईत तो 'पेगासस' फ्रिगेटवर हजर होता. त्याचे दोर मोजून घ्या, चुकायचे नाहीत.

फुलराणी_पॅरिस

१ जून १७९४ चा विषय निघालाच आहे तर 'व्हांझर'ची गोष्ट सांगायलाच हवी.

या लढाईत फ्रेंच जहाज 'व्हांझर द्यू पप्ल' आणि इंग्रज जहाज 'ब्रन्सविक' यांचे नांगर आणि दोर एकमेकांत अडकले आणि दोघं अंगाला अंग लावून तासन्‌तास लढत राहिली. व्हांझर बुडालं. पॅरिसमध्ये क्रांतीचं सरकार. तिथे बारेर या पुढाऱ्याने भाषण ठोकलं की खलाशांनी शरण यायचं नाकारलं आणि प्रजासत्ताकाचा जयजयकार करत, झेंडे फडकावत ते जहाजासकट पाण्याखाली गेले. झालं. पुढे कित्येक वर्षं फ्रेंच छापचित्रांत तेच दृश्य. कलंडलेलं जहाज, हात उंचावलेले लोक, झेंडा शेवटपर्यंत वर.

प्रत्यक्षात व्हांझरने झेंडा उतरवला होता आणि इंग्रजांच्या होड्यांनी शेकडो लोकांना वाचवलं. कप्तान रेनोदँ इंग्रजांच्या ताब्यात जिवंत होता आणि पुढे फ्रान्सला परतलाही! लंडनच्या चित्रांत त्याच क्षणी होड्या बुडणाऱ्यांना उचलताना दिसतात, कारण तिकडच्या गिऱ्हाइकाला आपण जिंकलो आणि वर दयाळूही आहोत हे घरात टांगायचं होतं. तसं पाहिलं तर होड्या खऱ्याच होत्या, म्हणून इथे इंग्रजी चित्राला जास्त गुण. पण ते छापलं कशासाठी, हे विसरू नये.

पेठेतला_परीक्षक

रेनोदँसाहेब घरी परतले तेव्हा त्यांच्या वीरमरणाची चित्रं विकली जात असणार. स्वतःसाठी एक घेतलं का त्यांनी?

गुराब_गलबत

सगळे युरोपातच रमलेत म्हणून जरा कोकणात येतो.

फेब्रुवारी १७५६ ला घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग, पडला. ॲडमिरल वॉटसनचं आरमार, बरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज. आत तुळाजी आंग्रे. कंपनीकडून पूर्वी पकडलेल्या 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर गोळा पडला, ते पेटलं, आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं आंग्र्यांचं सगळं आरमार त्या आगीत जळालं. या प्रसंगाचं गाजलेलं तैलचित्र डॉमिनिक सेरेसने १७७१ साली काढलं, ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. म्हणजे घटनेनंतर १५ वर्षांनी, लंडनमध्ये बसून. सेरेस मूळचा फ्रान्समधल्या गॅस्कनीचा, रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक, आणि त्याचं गिऱ्हाईक कोण तर ब्रिटिश आरमाराचे अधिकारी. आता सांगा, त्यात तुळाजी कोण दिसणार?

त्याआधी वर्षभर, १७५५ ला, कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. तो मेल्यावर बायकोने १७८४ साली लंडनजवळ शूटर्स हिलवर तिकोनी बुरूज बांधला. नाव काय? 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे सुवर्णदुर्ग! हर्णैच्या समोरचा किल्ला त्या टेकडीवर उभा आहे म्हणायचं. त्या बुरुजाचीही छापचित्रं निघाली.

शाहू महाराजांनी सरखेल केलेल्या कान्होजींच्या घराण्याला ही मंडळी 'पायरेट' म्हणून मोकळी. समुद्रावर दस्तक (परवाना) मागायचा हक्क पोर्तुगीज बजावत होते तेव्हा त्यांना कोणी चाचे म्हटलं नाही.

शनिवारवाडा_फॅन

पण पेशव्यांनीच आपलं आरमार इंग्रजांकडून बुडवून घेतलं, हे आधी मान्य करा. नानासाहेब...

गुराब_गलबत

तुळाजी छत्रपतींना आणि पेशव्यांना जुमानत नव्हता, हेही वाचा जरा. एकाच बाजूने...

संपादक मंडळ

नानासाहेब आणि तुळाजी यांच्यावर तीन स्वतंत्र धागे आधीच आहेत. तिकडे जावे. इथे छापचित्रांवर बोला. चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

सुकाणू

गुराब_गलबत यांचा मूळ मुद्दा मात्र धाग्याच्या गाभ्याचा आहे. लढाईतल्या दोन बाजूंपैकी एकीकडे छापखाना, दुकान आणि गिऱ्हाईक असेल आणि दुसरीकडे नसेल, तर उरतं ते एकाच बाजूचं चित्र. फ्रेंचांनी व्हांझर काढलं, इंग्रजांनी ब्रन्सविक काढलं, म्हणून आपल्याला दोन्ही ताडून बघता येतात. घेरियाला ताडून बघायला आपल्या बाजूचं काही नाही. आपल्याकडची समुद्री लढाईची चित्रं म्हणाल तर बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ. वल्ह्यांच्या जहाजांची रांग दगडात कोरलेली आहे, बघण्यासारखी. पण तो काळ शिलाहारांचा.

हिस्लॉपचं पुढे काय झालं कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. जावावर कैद झालेला हा गृहस्थ सुटून इंग्लंडला परत गेला आणि नंतर मद्रासचा सेनापती होऊन आला. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव करणारा तोच. आणि १८१८ च्या फेब्रुवारीत खानदेशात थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देणाराही तोच.

खानदेशी_कट्टा

काय सांगताय! थाळनेर आमच्या तालुक्यात. किल्लेदाराची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, पण तो साहेब आधी ब्राझीलजवळ अमेरिकेच्या हाती सापडला होता हे पहिल्यांदाच कळतंय. अमेरिकेने सोडला नसता तर बरं झालं असतं.

पोर्ट्समथकर

उशिरा आलो. ट्रफाल्गरला मेलेल्या ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या मृत्यूचं चित्र इथे अजून कोणी आणलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

ट्रफाल्गर २१ ऑक्टोबर १८०५. बातमी 'पिकल' नावाच्या छोट्या जहाजाने ६ नोव्हेंबरला लंडनला पोचवली. नेल्सनचं 'व्हिक्टरी' हे जहाज मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलं. म्हणजे ज्या छापचित्रावर नोव्हेंबर १८०५ ची तारीख आहे त्याच्या चित्रकाराने लढाईनंतरचं व्हिक्टरी पाहिलेलंच नाही. सरकारी खलिता वाचून आणि उरलेलं अंदाजाने भरून ते काढलं. ही तारीख चित्राखाली का असते, तर १७३५ च्या कायद्याने. होगार्थ वगैरे चित्रकारांनी तो करून घेतला होता. प्रकाशकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर कोरली असेल तरच नकलेपासून संरक्षण. आज आपल्याला त्याचा केवढा उपयोग होतो!

नेल्सन मेला खालच्या अंधाऱ्या भागात, जिथे जखमींना ठेवत. बेंजामिन वेस्टने त्याला वरच्या डेकवर, भोवती पुष्कळ माणसं उभी करून मरताना दाखवला. त्याचं म्हणणं असं की सेनापती कोठडीतल्या आजाऱ्यासारखा मरताना दाखवला तर बघणाऱ्याचं मन हलणार नाही. याउलट आर्थर डेव्हिस जहाज परत आल्यावर त्यावर गेला, माणसांची रेखाटनं केली, जागा पाहिली आणि खालचा कंदिलाचा उजेड दाखवला. बॉयडेल या प्रकाशकाने या प्रसंगाच्या उत्तम चित्राला ५०० गिनींचं बक्षीस लावलं होतं, कारण खरा पैसा त्याच्या छापील प्रतींत होता. वेस्टच्या चित्राचा पत्रा हीथने १८११ ला, डेव्हिसचा ब्रॉमलीने १८१२ ला पुरा केला. बातमीला सहासात वर्षं होऊन गेली तरी गिऱ्हाईक टिकून होतं.

आणि तो 'प्रामाणिक' डेव्हिस? व्हिक्टरी इथेच गोदीत उभं आहे, जाऊन बघा. त्या जागेत मी ताठ उभा राहू शकत नाही आणि मी काही फार उंच नाही. चित्रात मंडळी आरामात उभी आहेत. छत त्याने उचललंय.

बोटीवरचा_बाबू

छत उचलल्याशिवाय पंधरा माणसं चौकटीत बसवणार कशी! तेवढं माफ.

व्हॉट्सॲपवीर

मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर बसूनच अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं. प्रत्येक मुंबईकराला अभिमान वाटायला हवा. शेअर करा.

सुकाणू

@व्हॉट्सॲपवीर, मिंडेन मुंबईत १८१० ला बांधलं, हे बरोबर. बाकीचं नाही. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावर गोळे पडत होते तेव्हा ते गीत लिहिणारा वकील अमेरिकेच्याच तहाच्या जहाजावर ब्रिटिशांच्या पहाऱ्यात होता. पण तुमच्यामुळे एक चांगलं चित्र आठवलं. फिलाडेल्फियाच्या जॉन बोअरने या माऱ्याचं ॲक्वाटिंट काढलं. त्यात गोळ्यांचे मार्ग आकाशात कमानीसारखे काढलेत, जहाजांपासून किल्ल्यापर्यंत. डोळ्याला असं कधी दिसत नाही, पण मारा काय होता ते एका नजरेत कळतं.

अभिमानच हवा असेल तर 'एशिया' घ्या. हे ८४ तोफांचं जहाज नौरोजी जमशेदजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलं, १८२४ ला पाण्यात सोडलं. २० ऑक्टोबर १८२७ ला ग्रीसच्या नावारिनोच्या आखातात ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी मिळून तुर्की-इजिप्ती आरमाराचा धुव्वा उडवला, तेव्हा ॲडमिरल कॉड्रिंग्टनचा झेंडा याच एशियावर होता. नुसत्या शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई मानतात. त्यामुळे नावारिनोच्या जवळजवळ प्रत्येक छापचित्रात मध्यभागी जे जहाज दिसतं ते मुंबईचं आहे. खाली 'मुंबई' कुठेच लिहिलेलं नसतं!

बोटीवरचा_बाबू

नावारिनो म्हणजे माझी आवडती परीक्षा. तिथे दोन्हीकडची जहाजं आखातात नांगर टाकून लढली. तुर्की-इजिप्ती ताफा घोड्याच्या नालासारखा उभा होता, दोस्त आत शिरले आणि त्यांच्या समोर नांगर टाकून उभे राहिले. त्यामुळे भर लढाईच्या चित्रात सगळी शिडं फुगवून जहाजं पळताना दिसली तर चित्रकाराने नेहमीचा साचा वापरलाय असं समजा. शिडं गुंडाळलेली, नुसत्या परबाणांचं जंगल आणि खाली धूर, असं असेल तर तो माणूस तिथे होता किंवा त्याने असलेल्याला विचारलं.

जॉर्ज फिलिप रेनेगल प्रत्यक्ष हजर होता. त्याने १८२८ मध्ये शिळाछापावर चित्रं काढली. ताई, शिळाछाप आणि तांबं यांतला फरक सांगा ना.

तांबट_आळी

थोडक्यात सांगते. शिळाछापात कोरत नाहीत. सपाट चुनखडीवर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, शाई तेलकट जागीच धरते. चित्रकार थेट दगडावर काढू शकतो, मध्ये कोरणारा नको. त्यामुळे काम लवकर होतं आणि हाताची लकब तशीच उतरते. लढाई १८२७ च्या ऑक्टोबरात आणि चित्रं १८२८ ला बाजारात, त्याला हेही कारण. गर्दी आटायच्या आत माल दुकानात पोचला पाहिजे.

फुलराणी_पॅरिस

नावारिनोच्या फ्रेंच बाजूने लुई गार्नरेचं चित्र आहे, ते व्हर्सायला. हा माणूस मला भलता आवडतो. तरुणपणी सुरकूफ या फ्रेंच खासगी लढाऊ कप्तानाच्या जहाजावर खलाशी. १८०० साली बंगालच्या उपसागरात कंपनीचं 'केंट' जहाज पकडलं तेव्हा हा तिथे होता. पुढे इंग्रजांच्या हाती सापडला आणि पोर्ट्समथला बंदीजहाजावर आठेक वर्षं काढली, तिथे चित्रं काढून विकायचा. नंतर स्वतः ॲक्वाटिंट कोरायचा.

झेंड्यांची गंमतही सांगते. १८२७ ला फ्रान्समध्ये बुर्बाँ राजे होते. म्हणजे नावारिनोला फ्रेंच जहाजांवर पांढरा झेंडा. तिरंगी परत आला १८३० च्या क्रांतीनंतर. एखाद्या चित्रात नावारिनोच्या फ्रेंच जहाजावर तिरंगी दिसला तर ते उशिराचं किंवा बेफिकीर.

पोर्ट्समथकर

+१. इंग्रजांसाठीही अशीच खूण आहे. १ जानेवारी १८०१ ला आयर्लंडचा तांबडा तिरका क्रॉस ब्रिटिश झेंड्यात आला. १७९८ च्या नाईलच्या लढाईच्या चित्रात तो दिसला तर चित्र १८०१ नंतरचं किंवा रंगवणाऱ्याचं लक्ष नव्हतं. रंग हाताने, रांगेत बसून देत, त्यामुळे दुसरी शक्यता अगदी खरी. नाईलच्या चित्रांत तर सगळ्यांना एकच क्षण हवा असतो, रात्री दहाच्या सुमारास फ्रेंच सेनापतीचं 'लोरियाँ' जहाज दारूगोळ्यासकट उडालं तो. बाकी लढाई तासन्‌तास चालली, तिला गिऱ्हाईक कमी.

आणि नावारिनो जिंकूनही कॉड्रिंग्टनची पंचाईत झाली. जानेवारी १८२८ च्या भाषणात राजाने या लढाईला 'अप्रिय घटना' म्हटलं, कारण सरकारला तुर्कस्तान इतका दुबळा झालेला नको होता. त्याच वर्षी त्याला परत बोलावलं. दुकानांत त्याच्या विजयाची चित्रं आणि सरकारची ही नाराजी, दोन्ही एकाच वेळी.

नवा_भिडू

सर्वांचे आभार, फार शिकलो. एक बाळबोध प्रश्न. ऑनलाइन लिलावात 'ओरिजिनल १८१७ नेव्हल बॅटल प्रिंट' म्हणून एक रंगीत चित्र दिसतंय. खरं आहे हे कसं ओळखायचं? फोटोत कागद पिवळा आहे.

तांबट_आळी

पिवळेपणा विसरा, चहाच्या पाण्यानेही कागद पिवळा होतो.

भिंग घ्या किंवा विक्रेत्याकडून अगदी जवळचा फोटो मागवा. ओळीने नीट मांडलेले ठिपके दिसले तर ती अलीकडची यांत्रिक छपाई. ॲक्वाटिंटचे कण वेडेवाकडे, तडकलेल्या चिखलासारखे असतात. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन असायला हवा, मात्र काही वेळा समास कापताना तो जातो. कागद उजेडासमोर धरा. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदात बरेचदा गिरणीचं नाव आणि साल पाणचिन्हात असतं. पत्र्यावर १८१७ आणि कागदात त्यानंतरचं साल असेल तर पत्रा खरा, पण प्रत नंतर काढलेली. तीही खोटी नव्हे, फक्त भाव वेगळा आणि धूर बहुधा फिकट.

सुकाणू

१८१७ म्हणजे बहुतेक जेंकिन्स या प्रकाशकाच्या ग्रंथातलं पान. त्याने व्हिटकूम या चित्रकाराची चित्रं घेऊन ब्रिटिश आरमाराच्या विजयांचा एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात पन्नासावर रंगीत ॲक्वाटिंट आहेत. ग्रंथ फाडून पानं सुटी विकणं जास्त फायद्याचं, म्हणून बाजारात ही पानं भरपूर. खरं असलं तरी दुर्मीळ समजून बोली लावू नका.

आणि फाटलेल्या ग्रंथांवर नाक मुरडणाऱ्यांसाठी एक. १५८८ च्या स्पॅनिश आर्माडाच्या लढाईचे मोठाले विणलेले पडदे ब्रिटिश संसदेत टांगलेले होते, हॉलंडच्या व्रूमच्या रेखाटनांवरून केलेले. १८३४ च्या आगीत ते जळाले. ते कसे होते हे आज कळतं ते जॉन पाइनने १७३९ साली पत्र्यांवर कोरून ठेवलं होतं म्हणून.

पेठेतला_परीक्षक

@नवा_भिडू, फोटोत डाव्या कोपऱ्यातल्या जहाजाचा झेंडा एकीकडे आणि धूर दुसरीकडे चाललाय, मी झूम करून पाहिलं. बाबूंचा नियम लावा आणि दोनशे रुपये कमी करून मागा.

बोटीवरचा_बाबू

दोनशे नाही, निम्मे.